घटक ४ : संगणक-साहाय्यित अनुदेशनाची परिणामकारक रचना

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील :

• संगणक-साहाय्यित अनुदेशनाच्या विकासातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
• अध्ययनाचा परिणाम यंत्रामुळे होतो की पाठाच्या रचनेमुळे, या वादाचे स्वरूप स्पष्ट करता येईल.
• प्रतिसाद, प्रत्याभरण आणि अनुकूलन या तत्त्वांचे महत्त्व संशोधनाच्या आधारे विशद करता येईल.
• मराठी व्याकरणाच्या एखाद्या मुद्द्यावर शाखीय पाठाचा आराखडा तयार करता येईल.
• स्वतःच्या अभ्यासासाठी उपलब्ध असलेल्या संगणकीय साधनांचे मूल्यमापन करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण अध्यापनाच्या विविध साधनांचा परिचय करून घेतला. फळा, तक्ता, ध्वनिफीत, चित्रफीत आणि संगणक ही सारी साधने त्यात आली. प्रस्तुत घटकात आपण त्यांपैकी संगणकाचा विचार करणार आहोत. मात्र संगणक कसा चालतो, हा येथे प्रश्न नाही. संगणकावरून दिलेला पाठ विद्यार्थ्याला खरोखर शिकवतो केव्हा आणि केवळ गुंतवून ठेवतो केव्हा, हा आपल्यापुढील प्रश्न आहे.

दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न इतरांपेक्षा अधिक जवळचा आहे. आपल्यापैकी अनेकजण नोकरी, शेती किंवा घरकाम सांभाळून अभ्यास करतात. दिवसाकाठी तासभर मिळाला तरी पुष्कळ. तो तास मोबाइलवरील एखादा पाठ पाहण्यात गेला आणि आठवडाभराने त्यातील काहीच आठवले नाही, तर झालेले नुकसान भरून काढायला समोर शिक्षक नसतो. शिवाय आपल्यापैकी काहीजण पुढे शिक्षक होतील, काहीजण आज पालक आहेत. मुलांच्या हाती कोणते साधन द्यावे, हे त्यांनाच ठरवावे लागते.

'संगणक-साहाय्यित अनुदेशन' म्हणजे संगणकाच्या मदतीने विद्यार्थ्यापुढे आशय मांडणे, त्याच्याकडून प्रतिसाद घेणे आणि त्या प्रतिसादानुसार पुढील आशय ठरवणे. या व्याख्येतील तिन्ही भाग महत्त्वाचे आहेत. केवळ आशय मांडणारा पडदा हा पुस्तकाच्या पानाहून फार वेगळा नसतो. प्रतिसाद घेऊन त्यानुसार वागणे, हे संगणकाचे खरे वैशिष्ट्य होय.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ ऐतिहासिक पार्श्वभूमी

संगणकाच्या आधी अध्यापन-यंत्रे आली. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांनी १९२० च्या दशकात बहुपर्यायी प्रश्न विचारणारे एक यंत्र तयार केले. विद्यार्थ्याने योग्य कळ दाबल्याशिवाय पुढचा प्रश्न येत नसे. परीक्षा घेणारे यंत्र शिकवूही शकते, हे त्यातून प्रथम दिसून आले.

वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५३ मध्ये आपल्या मुलीच्या शाळेतील गणिताचा तास पाहिला. त्यांना त्यात दोन दोष जाणवले. आपले उत्तर बरोबर की चूक, हे मुलांना लगेच कळत नव्हते. आणि वेगवेगळ्या कुवतीच्या मुलांना एकाच गतीने चालावे लागत होते. यातून त्यांनी 'क्रमान्वित अनुदेशना'ची मांडणी केली. आशयाचे अगदी लहान तुकडे म्हणजे 'चौकटी' पाडाव्यात, प्रत्येक चौकटीत विद्यार्थ्याने स्वतः उत्तर लिहावे, ते लगेच पडताळून पाहावे आणि आपल्या गतीने पुढे जावे, ही त्याची सूत्रे होत. विद्यार्थी क्वचितच चुकेल इतक्या लहान पायऱ्या असाव्यात, असा स्किनर यांचा आग्रह होता. सर्व विद्यार्थी एकाच मार्गाने जात असल्याने या पद्धतीस 'रेखीय' म्हणतात.

नॉर्मन क्राउडर यांनी निराळा विचार मांडला. चूक टाळण्यापेक्षा तिचा उपयोग करावा, असे त्यांचे म्हणणे. विद्यार्थी कोणता चुकीचा पर्याय निवडतो, यावरून त्याचा गैरसमज कळतो. म्हणून प्रत्येक चुकीच्या पर्यायासाठी वेगळे स्पष्टीकरण असावे. या पद्धतीला 'शाखीय' म्हणतात. छापील पुस्तकात अशा शाखा सांभाळणे अवघड होते. वाचकाला सतत पाने उलटून मागे-पुढे जावे लागे. संगणकाला मात्र हे काम सहज जमण्यासारखे होते.

१९६० मध्ये इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांच्या नेतृत्वाखाली 'प्लेटो' ही संगणकीय शिक्षणप्रणाली सुरू झाली. त्याच दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी प्राथमिक शाळेतील मुलांना संगणकावरून अंकगणिताचा सराव देण्यास आरंभ केला. येथून पुढे यंत्राची क्षमता वाढत गेली. परंतु प्रेसी, स्किनर आणि क्राउडर यांनी उपस्थित केलेले प्रश्न तेच राहिले. विद्यार्थ्याने काय करावे, त्याला काय सांगावे, केव्हा सांगावे आणि पुढे काय द्यावे?

४.२.२ माध्यम की रचना?

संगणकाने शिकवल्यास विद्यार्थी अधिक शिकतात का, याविषयी शेकडो प्रयोग झाले. जेम्स कुलिक आणि चेन-लिन कुलिक यांनी १९९१ मध्ये अशा २५४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. संगणकावर शिकलेल्या गटाचे गुण सरासरीने ०.३० प्रमाण विचलनाने अधिक असल्याचे त्यांना आढळले. सोप्या भाषेत सांगायचे तर, शंभर विद्यार्थ्यांना गुणांनुसार खालून वर उभे केल्यास जो विद्यार्थी मधोमध म्हणजे पन्नासाव्या स्थानी असता, तो सुमारे बासष्टाव्या स्थानापर्यंत पोहोचतो. हा लाभ मध्यम स्वरूपाचा आहे.

याच विश्लेषणात आणखी एक बाब दिसली. प्रयोग अल्प मुदतीचा असेल, किंवा दोन गटांना दोन वेगळे शिक्षक शिकवत असतील, तर संगणकाचा लाभ अधिक भासतो. अल्प मुदतीत नवेपणाचे आकर्षण काम करते. शिक्षक वेगळे असतील, तर पाठाची तयारीही वेगळी असते. याचा अर्थ, आपण ज्याला संगणकाचा परिणाम समजतो त्यातील काही भाग नावीन्याचा आणि काही भाग अधिक काळजीपूर्वक तयार केलेल्या पाठाचा असू शकतो.

रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये हीच भूमिका टोकाला नेली. त्यांच्या मते माध्यमे ही केवळ वाहने आहेत. किराणा माल कोणत्या वाहनातून आला यावर त्याचे पोषणमूल्य ठरत नाही. तसेच पाठ कोणत्या माध्यमातून आला यावर अध्ययन ठरत नाही. अध्ययन ठरते ते पाठाच्या पद्धतीवर. रॉबर्ट कोझ्मा यांनी यास हरकत घेतली. विशिष्ट माध्यमामुळेच काही पद्धती शक्य होतात, असे त्यांनी प्रतिपादन केले. पुस्तक वाचकाचे उत्तर ऐकू शकत नाही. संगणक ऐकू शकतो.

हा वाद पूर्णपणे मिटला नसला, तरी आपल्या दृष्टीने त्यातून एक उपयुक्त निष्कर्ष निघतो. संगणक काही शक्यता उपलब्ध करून देतो, पण त्या शक्यता वापरणे रचनाकाराच्या हाती असते. ज्या पाठात त्या वापरल्या जात नाहीत, तो संगणकावर असूनही पुस्तकाच्या पुढे जात नाही.

४.२.३ चौऱ्याऐंशी जर्मन शब्दांचा प्रयोग

रचनेतील सूक्ष्म फरकाने केवढा परिणाम होतो, हे रिचर्ड अ‍ॅटकिन्सन यांच्या १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातून स्पष्ट होते. भाषेच्या विद्यार्थ्यांनी हा प्रयोग बारकाईने समजून घ्यावा.

विद्यार्थ्यांना ८४ जर्मन शब्दांचे इंग्रजी अर्थ शिकायचे होते. शब्दांच्या बारा-बारांच्या सात याद्या केल्या होत्या. प्रत्येक वेळी यादीतील एक शब्द निवडला जाई, विद्यार्थी त्याचा अर्थ टंकित करी आणि मग योग्य अर्थ त्याला दाखवला जाई. संगणक, शब्द आणि वेळ सर्वांना सारखे. फरक एकाच बाबतीत होता : पुढचा शब्द कोणी आणि कसा निवडायचा?

पहिल्या गटासाठी शब्द यादृच्छिक क्रमाने निवडले. दुसऱ्या गटात विद्यार्थी स्वतः शब्द निवडत. तिसऱ्या गटात संगणक प्रत्येक विद्यार्थ्याच्या पूर्वीच्या उत्तरांवरून निवड करी. परंतु सर्व शब्द सारखेच कठीण आहेत, असे तो गृहीत धरी. चौथ्या गटातही निवड संगणकच करी, पण कोणता शब्द किती कठीण आहे, हेही तो विचारात घेई.

आठवडाभराने परीक्षा घेतली. यादृच्छिक गटाला ३८ टक्के शब्द आठवले. स्वतः निवड करणाऱ्यांना ५८ टक्के, तर सर्व शब्द समान मानणाऱ्या संगणकाच्या गटाला ५४ टक्के आठवले. चौथ्या गटाला मात्र ७९ टक्के शब्द आठवले.

या आकड्यांतून तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात.

पहिली गोष्ट : साधन तेच असताना केवळ निवडीच्या नियमाने परिणाम दुपटीहून अधिक झाला.

दुसरी गोष्ट : संगणकाने निवड केली म्हणजे ती चांगलीच असते, असे नाही. तिसऱ्या गटातील संगणकापेक्षा विद्यार्थ्यांची स्वतःची निवड किंचित सरस ठरली. विषयाची जाण नसलेले अनुकूलन फारसे उपयोगी पडत नाही. शब्दाशब्दांतील कठीणपणाचा भेद संगणकाला सांगितला, तेव्हाच तो पुढे गेला.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. प्रत्यक्ष सराव चालू असताना चित्र नेमके उलटे होते. यादृच्छिक गटाची उत्तरे सर्वाधिक बरोबर येत होती आणि चौथ्या गटाची सर्वांत कमी. याचे कारण उघड आहे. यादृच्छिक क्रमात आधीच पाठ झालेले शब्द पुन्हा पुन्हा येत आणि विद्यार्थी ते बरोबर सांगे. चौथ्या गटातील विद्यार्थ्यापुढे मात्र न येणारे शब्दच अधिक ठेवले जात. त्याचा तास अडखळण्यात गेला; परंतु आठवड्याने त्यालाच अधिक आठवले.

म्हणजे, सरावाच्या वेळची सहजता हा अध्ययनाचा पुरावा नव्हे. पाठ संपताना 'सगळे बरोबर आले' असे समाधान देणारे साधन आपल्याला आधीच येत असलेल्या गोष्टींतच फिरवत असण्याचा संभव असतो.

४.२.४ प्रतिसाद आणि प्रत्याभरण

प्रतिसाद म्हणजे विद्यार्थ्याने केलेली कृती : उत्तर लिहिणे, पर्याय निवडणे, वाक्य पूर्ण करणे. प्रत्याभरण म्हणजे त्या कृतीविषयी त्याला परत मिळणारी माहिती. या दोहोंचा क्रम आणि स्वरूप यांवर पाठाचे यश अवलंबून असते.

(अ) आधी प्रतिसाद, मग उत्तर : रिचर्ड अँडरसन, रेमंड कुलहावी आणि टॉमस आंद्रे यांनी १९७१ मध्ये एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना स्वतः उत्तर दिल्यावरच योग्य उत्तर दिसे, तर काहींना उत्तर देण्यापूर्वीही ते पाहता येई. आधी उत्तर पाहण्याची मुभा असलेले विद्यार्थी कमी शिकले. डोळ्यांपुढे असलेले उत्तर उतरवून काढण्यात विचाराला वाव राहत नाही. छापील क्रमान्वित पुस्तकांची हीच मोठी उणीव होती.

(आ) आठवण्याचा प्रयत्न : हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये दाखवून दिले की आठवून पाहणे हेच एक प्रभावी अध्ययन आहे. विद्यार्थ्यांनी गद्य उतारे वाचले. त्यानंतर काहींनी ते पुन्हा वाचले, तर काहींनी न पाहता आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते : ८१ टक्क्यांच्या तुलनेत ७५ टक्के. आठवड्याने मात्र पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आणि लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के आशय आठवला. अ‍ॅटकिन्सन यांच्या प्रयोगाशी याचे साम्य आपल्या लक्षात आले असेल.

(इ) 'चूक' म्हणणे पुरेसे नाही : उत्तर चुकले एवढेच कळल्यास विद्यार्थी दुसरा पर्याय दाबून पाहतो. योग्य उत्तर का योग्य आहे आणि आपण कोठे वळलो, हे कळल्यास तो पुढच्या वेळी सावध होतो. म्हणून प्रत्याभरण शेरा देणारे नव्हे, तर स्पष्टीकरण देणारे असावे.

(ई) मदतीचा दुरुपयोग : संगणकीय पाठात 'सूचना' मागण्याची सोय असते. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांना असे आढळले की काही विद्यार्थी विचार न करता भराभर सूचना मागत शेवटच्या सूचनेपर्यंत जातात, कारण तिच्यात थेट उत्तर असते. काहीजण एकामागून एक पर्याय दाबत राहतात. अशा विद्यार्थ्यांचे अध्ययन कमी होते. सूचना केव्हा आणि किती उघडावी, हाही रचनेचाच भाग आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १

(उत्तरे ४.५ मध्ये दिली आहेत. आधी आपले उत्तर कागदावर लिहा. मगच पडताळून पाहा.)

(१) रेखीय आणि शाखीय पद्धतींत चुकीकडे पाहण्याच्या दृष्टीत कोणता फरक आहे?
(२) अ‍ॅटकिन्सन यांच्या प्रयोगात यादृच्छिक गटाची सरावातील कामगिरी चांगली का दिसली?

४.२.५ पडद्यावरील मांडणी

माणसाची कार्यकारी स्मृती, म्हणजे एका वेळी मनात धरून ठेवून विचार करण्याची क्षमता, मर्यादित असते. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकात या मर्यादेवर आधारित 'बोधात्मक भारा'चा सिद्धांत मांडला. पाठाची मांडणी गुंतागुंतीची असेल, तर विद्यार्थ्याची शक्ती आशय समजण्याऐवजी मांडणी उलगडण्यात खर्च होते. आकृती एका बाजूला आणि तिचे स्पष्टीकरण दुसऱ्या पानावर असेल, तर डोळे आणि मन दोन्हीकडे विभागले जातात. स्पष्टीकरण आकृतीतच योग्य जागी लिहिले, तर हा भार हलका होतो.

स्वेलर आणि ग्रॅहॅम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की नवशिक्या विद्यार्थ्यांना सुरुवातीस सोडवलेली उदाहरणे अभ्यासायला दिल्यास त्यांना तत्सम उदाहरणे लवकर आणि कमी चुकांनी सोडवता येतात. परंतु विद्यार्थी जाणकार झाल्यावर तीच सोडवलेली उदाहरणे त्याला अडथळा ठरू लागतात. त्याने स्वतः सोडवणेच अधिक हिताचे असते. म्हणून आधार आरंभी भरपूर असावा आणि क्रमाक्रमाने काढून घेतला जावा.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी शब्द आणि चित्रे यांच्या एकत्रित वापरावर दीर्घकाळ संशोधन केले आहे. त्यांच्या निष्कर्षांपैकी पुढील तत्त्वे उपयुक्त आहेत :

• संगती : अनावश्यक संगीत, चित्रे आणि रंजक पण अवांतर माहिती टाळावी. वीज कशी पडते या पाठात वीज अंगावर पडलेल्या माणसांच्या थरारक हकिकती घातल्या, तेव्हा विद्यार्थ्यांना वीज पडण्याची प्रक्रिया कमी समजली.
• सान्निध्य : परस्परसंबंधित शब्द आणि चित्र जवळजवळ आणि एकाच वेळी यावेत.
• माध्यमविभागणी : हलत्या चित्राबरोबर स्पष्टीकरण द्यायचे असल्यास ते पडद्यावर लिहिण्याऐवजी आवाजातून द्यावे, म्हणजे डोळ्यांवर दुहेरी ताण येत नाही.
• खंडन : दीर्घ पाठाचे लहान भाग करावेत आणि पुढे जाण्याची कळ विद्यार्थ्याच्या हाती ठेवावी.

ही तत्त्वे यांत्रिकपणे लावू नयेत. कवितेच्या पाठात कवितेचे शब्द डोळ्यांपुढे असलेच पाहिजेत; वाचन ऐकू येते म्हणून ते काढून टाकणे योग्य नव्हे. आशयाचे स्वरूप पाहूनच तत्त्वाचा अवलंब करावा.

४.२.६ एक नमुना : 'प्रयोग' या व्याकरण-घटकाचा शाखीय पाठ

आतापर्यंत पाहिलेली तत्त्वे आपल्याच विषयातील एका उदाहरणावर तपासून पाहू. प्रयोग ओळखताना अनेक विद्यार्थी गोंधळतात. समजा, संगणकाच्या पडद्यावर पुढील वाक्य आले :

'रामाने आंबा खाल्ला.' या वाक्यातील प्रयोग ओळखा.

सामान्य पाठ तीन पर्याय देईल आणि निवडीनुसार 'बरोबर' किंवा 'चूक' असे सांगेल. चांगला पाठ विद्यार्थ्याने काय निवडले आणि ते का निवडले असेल, याचा विचार करील.

शाखा १ : विद्यार्थी 'कर्तरी' निवडतो. खाण्याची क्रिया राम करतो, म्हणून कर्तरी, असा त्याचा तर्क असावा. त्याने अर्थ पाहिला, रूप पाहिले नाही. शिवाय या वाक्यात 'राम' आणि 'आंबा' हे दोन्ही शब्द पुल्लिंगी एकवचनी असल्याने क्रियापद कोणाप्रमाणे चालते, हे झाकले गेले आहे. येथे संगणकाने नियम सांगू नये, कृती द्यावी. 'रामाऐवजी सीता हा कर्ता घेऊन वाक्य लिहा.' विद्यार्थी लिहितो : 'सीतेने आंबा खाल्ला.' पुढील सूचना : 'आता मूळ वाक्यात आंब्याऐवजी पोळी हे कर्म घ्या.' विद्यार्थी लिहितो : 'रामाने पोळी खाल्ली.' कोणत्या बदलाने क्रियापद बदलले, हा प्रश्न विचारल्यावर कर्मणी प्रयोगाचे लक्षण तो स्वतःच सांगू शकतो.

शाखा २ : विद्यार्थी 'भावे' निवडतो. कर्त्याला 'ने' हा प्रत्यय दिसल्याने त्याची फसगत झाली असावी. त्याला 'रामाने रावणाला मारले' आणि 'वानरांनी राक्षसांना मारले' ही वाक्ये द्यावीत. कर्ता आणि कर्म यांचे वचन बदलूनही 'मारले' हे रूप बदलत नाही, हे त्याला दिसेल. मग 'रामाने आंबा खाल्ला' आणि 'रामाने आंबे खाल्ले' यांची तुलना करायला सांगावी.

शाखा ३ : विद्यार्थी 'कर्मणी' हे बरोबर उत्तर देतो. येथे अनेक पाठ शाबासकी देऊन पुढे जातात. परंतु 'क्रियापद भूतकाळी आहे, म्हणून कर्मणी' असा चुकीचा तर्कही बरोबर उत्तराकडे नेऊ शकतो. म्हणून त्याच्यापुढे 'राम घरी गेला' आणि 'सीता धडा शिकली' ही भूतकाळी पण कर्तरी प्रयोगाची वाक्ये ठेवावीत. तेथेही तो टिकला, तरच त्याला मुद्दा समजला असे मानावे.

या नमुन्यातील शाखा संगणकाने निर्माण केलेल्या नाहीत. विद्यार्थी कोठे आणि का चुकतात, हे वर्षानुवर्षे पाहिलेल्या शिक्षकाच्या अनुभवातून त्या येतात. संगणक हा अनुभव एकाच वेळी अनेक विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवतो.

अंतिम उत्तरापेक्षा उत्तराकडे जाणाऱ्या पायऱ्या तपासणे किती महत्त्वाचे आहे, हे कर्ट व्हॅनलेन यांच्या २०११ च्या आढाव्यावरून दिसते. शिकवणीच न मिळालेल्या विद्यार्थ्यांशी तुलना करता, केवळ अंतिम उत्तर तपासणाऱ्या संगणकीय पाठांचा लाभ ०.३१ प्रमाण विचलन इतका होता. प्रत्येक पायरी तपासणाऱ्या पाठांचा लाभ ०.७६ आणि व्यक्तिगत शिकवणी देणाऱ्या माणसांचा ०.७९ होता. पायरीनिहाय लक्ष देणारा पाठ माणसाच्या शिकवणीच्या अगदी जवळ पोहोचतो.

४.२.७ भारतातील तीन अनुभव

वरील बरेचसे संशोधन परदेशातील आहे. आपल्याकडील शाळांत काय दिसून आले, हे आता पाहू.

वडोदरा : गुजरात शासनाने वडोदऱ्यातील महानगरपालिकेच्या शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते, पण फार थोड्या शाळांत त्यांचा वापर होत होता. मुंबईत स्थापन झालेल्या 'प्रथम' या संस्थेने तेथे इयत्ता चौथीच्या मुलांसाठी गणिताच्या खेळांचा कार्यक्रम राबवला. आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोन मुले आणि मुलांच्या कुवतीनुसार बदलणारी काठिण्यपातळी, असे त्याचे स्वरूप होते. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार गणितातील लाभ पहिल्या वर्षी ०.३५ आणि दुसऱ्या वर्षी ०.४७ प्रमाण विचलन इतका होता. मात्र कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने तो पुष्कळ ओसरला. मिळवलेले टिकवायचे तर पुढेही सराव हवा, हा त्यातील धडा होय.

'ज्ञानशाला' : लिंडन यांनीच गुजरातमध्ये 'ज्ञानशाला' या संस्थेच्या शाळांत संगणकीय कार्यक्रम दोन प्रकारे राबवून पाहिला. शाळेच्या वेळेत, नेहमीच्या अध्यापनाऐवजी तो दिला, तेव्हा मुलांचे गुण ०.५७ प्रमाण विचलनाने घटले. शाळेच्या वेळेबाहेर, अध्यापनाला पूरक म्हणून दिला, तेव्हा ते ०.२८ ने वाढले. कार्यक्रम तोच असताना एका जागी तोटा आणि दुसऱ्या जागी लाभ झाला. संगणक काय देतो, याबरोबरच तो कशाची जागा घेतो, हेही विचारले पाहिजे.

दिल्ली : कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि अलेहांद्रो गानिमियन यांनी 'माइंडस्पार्क' या कार्यक्रमाचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ६१९ विद्यार्थी सहभागी होते. शाळा सुटल्यानंतर विद्यार्थी केंद्रात येत. पंचेचाळीस मिनिटे संगणकावर आणि पंचेचाळीस मिनिटे लहान गटात शिक्षकाबरोबर अभ्यास करीत. आरंभीच्या चाचणीत असे दिसले की सहावीतील मुले गणितात सरासरीने सुमारे अडीच इयत्ता मागे होती. वर्गात मात्र सहावीचेच पुस्तक शिकवले जात होते. संगणकाने प्रत्येकाला त्याच्या खऱ्या पातळीपासून आरंभ करून दिला. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलन इतका लाभ झाला. नेहमीच्या वर्गात ज्यांची प्रगती जवळजवळ थांबली होती, त्या मागे पडलेल्या मुलांनाही त्याचा लाभ मिळाला.

या तीन अनुभवांत संगणकाची उपस्थिती समान आहे. फळ मात्र वेगळे आहे. विद्यार्थी जेथे आहे तेथून आरंभ झाला आणि चांगल्या अध्यापनाला पूरक म्हणून त्याचा वापर झाला, तेथे तो उपयोगी पडला.

४.२.८ साधन निवडताना

आपल्यापुढे एखादे संगणकीय साधन आले, तर पुढील प्रश्न विचारून पाहावेत :

(१) हे साधन मला काही करायला लावते, की केवळ पाहायला लावते?
(२) उत्तर देण्यापूर्वी योग्य उत्तर दिसते का?
(३) चूक झाल्यास कारण सांगितले जाते का? वेगवेगळ्या चुकांना वेगवेगळे स्पष्टीकरण आहे का?
(४) मला न येणाऱ्या गोष्टी ते अधिक वेळा पुढे आणते का?
(५) आठवड्याने किंवा महिन्याने जुना भाग पुन्हा विचारते का?
(६) सजावट काढून टाकली, तर पाठ उरतो का?
(७) या साधनासाठी दिलेला वेळ मी कोणत्या अभ्यासातून काढून घेत आहे?

साधनात या सोयी नसतील, तर त्यांपैकी पुष्कळशा आपण स्वतः निर्माण करू शकतो. चित्रफीत मध्येच थांबवून आतापर्यंतचा आशय कागदावर लिहिता येतो. चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही ठेवून आठवड्याने तेवढेच प्रश्न पुन्हा सोडवता येतात. त्यासाठी महागड्या यंत्राची आवश्यकता नाही. असा अभ्यास करताना अडखळायला झाले, तर निराश होऊ नये. अ‍ॅटकिन्सन यांचा चौथा गट तसाच अडखळत होता.

४.३ सारांश

अध्यापन-यंत्रांपासून आजच्या संगणकीय पाठांपर्यंत यंत्र बदलत गेले, तरी परिणामकारकतेचा मूळ आधार पाठाची रचना हाच राहिला आहे. चांगला पाठ विद्यार्थ्याकडून आधी प्रतिसाद घेतो, त्याच्या चुकीचे कारण शोधतो, स्पष्टीकरणात्मक प्रत्याभरण देतो, कार्यकारी स्मृतीवर अनावश्यक भार टाकत नाही आणि पुढील आशय त्याच्या गरजेनुसार ठरवतो. सरावातील सहजता आणि टिकाऊ अध्ययन या भिन्न गोष्टी आहेत. भारतातील अनुभव सांगतात की संगणक विद्यार्थ्याच्या खऱ्या पातळीपासून आरंभ करतो आणि अध्यापनाला पूरक ठरतो, तेव्हा लाभ होतो. चांगल्या अध्यापनाची जागा त्याने घेतल्यास हानीही संभवते.

४.४ पारिभाषिक संज्ञा

अनुकूलन : विद्यार्थ्याच्या प्रतिसादानुसार पाठाचा क्रम किंवा काठिण्य बदलणे.
कार्यकारी स्मृती : विचार करताना माहिती तात्पुरती धरून ठेवणारी मर्यादित क्षमता.
चौकट : क्रमान्वित पाठातील आशयाचा लहान तुकडा.
प्रत्याभरण : प्रतिसादाविषयी विद्यार्थ्याला परत मिळणारी माहिती.
बोधात्मक भार : अध्ययन करताना कार्यकारी स्मृतीवर येणारा ताण.

४.५ स्वयं-अध्ययनाच्या प्रश्नांची उत्तरे

(१) रेखीय पद्धतीत चूक होऊच नये म्हणून पायऱ्या अगदी लहान ठेवतात; शाखीय पद्धतीत चुकीवरून गैरसमज ओळखून त्यानुसार वेगळे स्पष्टीकरण देतात.
(२) आधीच पाठ झालेले शब्द वारंवार येत असल्याने बरोबर उत्तरांचे प्रमाण अधिक दिसले. नवे शब्द शिकण्यास मात्र वेळ कमी मिळाला.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

(१) 'माध्यम महत्त्वाचे की रचना?' या वादाची दोन्ही बाजूंनी चर्चा करा.
(२) 'सरावातील सहजता हा अध्ययनाचा पुरावा नव्हे' हे विधान दोन प्रयोगांच्या आधारे स्पष्ट करा.
(३) समास किंवा अलंकार या घटकातील एक प्रश्न घ्या. विद्यार्थ्यांच्या तीन संभाव्य चुका लिहा आणि प्रत्येक चुकीसाठी एक शाखा तयार करा. शक्य असल्यास ती आपल्या परिचयातील एखाद्या विद्यार्थ्यावर तपासून पाहा.
(४) आपण वापरत असलेल्या एका संगणकीय साधनाचे ४.२.८ मधील प्रश्नांच्या आधारे मूल्यमापन करा.